गव्हाणीपुढे वाकायचं म्हणजे काय? गावातल्या नाताळाविषयी

सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या सगळ्यांना संदर्भ लागेल. तुमचं गाव कापसाच्या पट्ट्यातलं, मंडळी चाळीस घरांची. दरवर्षी नाताळाला चर्चसमोर मंडप, स्टेज, डीजे, बाहेरचे पाहुणे आणि त्यांचे सत्कार असं होतं. यंदा पंचकमिटीनं ‘नम्रता आणि आराधना’ हा विषय ठरवला आणि जबाबदारी तरुण संघावर, म्हणजे तुमच्यावर टाकली. तुम्ही विचारता, खर्च कमी केला की नम्रता झाली का? गाण्यांशिवाय आराधना म्हणजे आणखी काय? आणि शेवटी, जरा संकोचानं, हेही विचारलंय की पीक हातचं गेलंय, अशा वर्षी नाताळ करायचा तरी कसा?

मी चौतीस वर्षं यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या लहान मंडळ्यांत पाळक होतो. माझे बहुतेक नाताळ टिनाच्या छपराखाली, सतरंजीवर बसून झाले. तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असो (तिची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच झाली), मेथडिस्ट असो की कॅथलिक, मी जे सांगणार आहे त्यात विधीचा फरक आड येत नाही.

भाऊ, कमिटीनं तुम्हाला दोन विषय दिलेत असं समजू नका. आपल्या भाषेत ते एकच आहेत. नम्रता आणि नमन हे दोन्ही शब्द ‘नम्’ या एकाच धातूतून आले. नम् म्हणजे वाकणे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे मागी लोक, म्हणजे तारे बघणारे ज्ञानी, घरात येतात, बाळाला त्याच्या आईजवळ पाहतात आणि पाया पडून त्याला नमन करतात. मूळ ग्रीक शब्द आहे प्रोस्कुनेओ. त्यातही अंग जमिनीला टेकवणं आहे, आपल्याकडे दंडवत घालतात तसं. सोनं, ऊद आणि गंधरस त्यांनी नंतर काढले. आधी ते जमिनीवर होते.

त्याच अध्यायात हेरोद राजाही हाच शब्द वापरतो. बाळ सापडलं की मला कळवा, म्हणजे मीही येऊन त्याला नमन करीन, असं तो मागी लोकांना सांगतो. तोंडात नमन आणि मनात सुरी. मत्तयानं दोघांसाठी एकच शब्द ठेवला आणि फरक ओळखायचं काम वाचणाऱ्यावर सोडलं. मी दर आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, हा अध्याय वाचतो आणि दरवेळी हेरोदाच्या वाक्यापाशी थांबतो, कारण व्यासपीठावर उभं राहून ‘आपण प्रभूची आराधना करू या’ असं मी आयुष्यात हजार वेळा म्हटलंय.

म्हणून गाणी किती बसवायची हे नंतर ठरवा. आधी हे बघा की या कार्यक्रमात कोण कोणापुढे वाकणार आहे. तुम्ही मागच्या वर्षीचा जो क्रम लिहून पाठवला, त्यात दीड तास पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ आणि भाषणं आहेत. प्रार्थना शेवटी दहा मिनिटं, तीही लोक जेवणाच्या रांगेकडे बघत असताना. खर्च निम्मा केला तरी हा क्रम तसाच राहू शकतो. साध्या मंडपात, स्वस्त हारांनी, त्याच माणसांपुढे वाकणं चालूच राहील. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

आता गव्हाणीकडे येतो. इथं मला जास्त वेळ थांबायचंय, कारण शहरातल्या ख्रिस्ती माणसाला जे चित्रात पाहावं लागतं ते तुमच्या घरामागे उभं आहे. आपल्याकडच्या कोठ्यातली गव्हाण डोळ्यांपुढे आणा. ती ढोरांचं ताट आहे. तिच्यात कुटार, कडबा, कधी भिजवलेली ढेप. लाकडाची असेल तर वर्षानुवर्षं जिभा फिरून तिची कड गुळगुळीत झालेली असते. तिला लाळेचा वास असतो, खाली शेणामुताची ओल असते. घरात बाळंतपण झालं तर आपण त्या बाईला कोठ्याकडे फिरकूसुद्धा देत नाही, बाळाची तर गोष्टच सोडा. त्या देशातल्या गव्हाणी बऱ्याचदा दगडात कोरलेल्या असत, आणि दगड रात्री किती गार पडतो हे रात्री ओलिताला जाणाऱ्याला सांगायला नको. लूक आपल्या शुभवर्तमानात हे सगळं एका वाक्यात सांगून मोकळा होतो. बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं.

बेथलेहेम या नावाचा इब्री भाषेतला अर्थ ‘भाकरीचं घर’. भाकरीच्या घरी जन्मलेलं बाळ ढोरांच्या ताटात ठेवलं गेलं, आणि मोठेपणी तोच म्हणाला की जीवनाची भाकर मी आहे. मी हे पहिल्यांदा जोडून वाचलं तेव्हा पुष्कळ वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

नाटकात आपण बैल आणि गाढव दाखवतो. लूकच्या गोष्टीत ते नाहीत, हे मुलांना सांगून ठेवा. ते आले जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशी देवाची तक्रार तिथं आहे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसनं खरा बैल, खरं गाढव आणि चाऱ्यानं भरलेली गव्हाण ठेवून नाताळाची उपासना केली, आणि तेव्हापासून ही प्रथा पसरत गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या बैलाचे खांदे आपण शेकतो, तो अंधारातही धन्याची चाहूल ओळखतो. तुमच्या गावात यशयाचं हे वचन समजावून सांगायला कोणी विद्वान लागणार नाही. ज्याच्याकडे अजून बैलजोडी आहे अशा शेतकऱ्याला दोन मिनिटं बोलू द्या.

तेव्हा यंदा थर्माकोलची गव्हाण आणू नका. (राज्यात २०१८ पासून त्या सजावटीवर बंदीही आहे.) कोणाच्या तरी कोठ्यातली, वापरातली गव्हाण मागून आणा. धुऊ नका. फक्त झाडून घ्या आणि त्यात ताजं कुटार घाला. मग ती वेदीसमोर ठेवली की चर्चमध्ये तो वास येईल. काही बाया नाकाला पदर लावतील. लावू द्या.

आणखी एक गोष्ट नाटकात चुकते. आपण एक दुष्ट खानावळवाला उभा करतो, तो ‘जागा नाही, चालते व्हा’ म्हणून ओरडतो आणि लोक हसतात. असा माणूस शास्त्रात कुठेच नाही. आपल्या भाषांतरात ‘उतारशाळा’ आहे तिथं ग्रीकमध्ये ‘कतालुमा’ हा शब्द आहे. लूकनंच बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी हा शब्द वापरलाय. जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येशूनं सांगितली, तीत खरी उतारशाळा येते, तिथं त्याचा शब्द वेगळा आहे, ‘पांदोखेयोन’. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की कतालुमा म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली. नावनोंदणीसाठी सगळे आपापल्या मूळ गावी आलेले, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि त्या काळच्या गावातल्या घरांत जनावरं रात्री घराच्याच एका भागात बांधली जात. आपल्याकडे लग्नघरी काय होतं आठवा. पाहुणे माजघरात, म्हातारी माणसं ओसरीवर आणि घरची पोरं कोठ्याशेजारी गोधडी टाकून. मला हे वाचन पटतं. त्या घरच्या माणसांनी दार लावलं नसावं, ‘जरा सरका’ म्हणून जिथं जमलं तिथं जागा केली असावी. तुमच्या नाटकात यंदा खानावळवाला काढून टाका आणि एक घर दाखवा, जिथं सगळे थोडेथोडे सरकतात.

मरीया आणि योसेफ नासरेथहून आले होते. ते अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. अमरावतीहून नागपूरला पायी जावं तसं समजा, आणि तेही दिवस भरत आलेल्या बाईनं. का? तर रोमच्या बादशहाला, औगुस्त कैसराला, आपल्या राज्यातली डोकी मोजायची होती. कागदासाठी तहसीलच्या रांगेत दिवस घालवलेल्या माणसाला ही गोष्ट लवकर कळते.

आणि मग मेंढपाळ. लूक म्हणतो ते रानात राहून रात्री कळप राखत होते. आपल्या भाषेत सांगायचं तर ते जागलीवर होते. तुमच्या गावात डिसेंबरात रानडुकरं आणि रोही यांच्यापासून तूर-हरभरा वाचवायला माणसं मचाणावर बसतात, शेकोटी करतात, डबा वाजवतात. कोणी रात्रपाळीच्या विजेवर गव्हाला पाणी देत असतो. कोणाच्या वावरात धनगरानं खतासाठी मेंढ्या बसवल्या असतील, शेजारी त्याचं पाल असेल. जगातला पहिला नाताळ अशा माणसांना कळवला गेला. आणि आपण काय करतो? रात्री बारा वाजता चर्चमध्ये उपासना ठेवतो, हे लोक येऊ शकत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी कमी झाली म्हणून त्यांनाच बोलतो. मीही बोललोय.

योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ असं वचन आहे. ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ तंबू ठोकला, म्हणजेच पाल टाकलं. नाताळाचा उपदेश करायचा असेल तर हे वचन धनगराच्या पालाशेजारी उभं राहून वाचावं असं मला वाटतं. दिग्रसकडे असताना एका वर्षी आम्ही तसं केलं. आठ जण होतो, एक कंदील, एक खंजिरी. त्या माणसाला ख्रिस्ती धर्माविषयी काही माहिती नव्हती. त्यानं आम्हाला शेकोटीजवळ बसवलं, चहा केला, आणि बाळाला मेंढपाळ भेटायला गेले होते हे ऐकून विचारलं, “मंग मेंढ्याईजवळ कोन थांबलं?” मला उत्तर देता आलं नाही. पण ऐकणाऱ्यानं ती गोष्ट किती खरी मानली हे त्या प्रश्नातून कळलं.

एक माझी स्वतःची चूक सांगतो. पाळक म्हणून माझं तिसरं वर्ष होतं. नाताळाच्या उपासनेला तालुक्याहून मोठे पाहुणे येणार होते, म्हणून मी पुढच्या सतरंज्या काढून तिथं खुर्च्या मांडल्या. एक म्हातारी बाई दर रविवारी अगदी पुढे, व्यासपीठाच्या पायरीपाशी बसायची. मी तिला हात धरून, गोड बोलून, मागे दाराजवळ नेऊन बसवलं. उपासनेच्या मध्येच ती उठून गेली. मला वाटलं, मान दुखावला, म्हातारी माणसं अशी रागावतात. संध्याकाळी मिठाईचा पुडा घेऊन मी तिच्याकडे गेलो. ती शेळीला पाला टाकत होती. मी म्हटलं, “आजी, राग नका धरू.” ती म्हणाली, “राग कायचा बाप्पा? मले आयकू कमी येते, म्हून समोर बसो. मांगं काईच आयकू नाई आलं. मंग घरी आली.”

तिनं तो नाताळ ऐकलाच नव्हता. आणि मी त्या दिवशी पौलानं लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर उपदेश केला होता. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं स्वरूप घेतलं, हे वचन. पुढच्या खुर्च्यांना ते नीट ऐकू गेलं.

म्हणून आता मला नम्रता ही मनातल्या भावनेपेक्षा जागेची गोष्ट वाटते. कोण कुठे बसतो, कोणासाठी कोण उठतो, कोणाची वेळ धरली जाते. ख्रिस्तानं जागा सोडली आणि खालची जागा घेतली, हे पौल सांगतो. त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल याविषयी तो काही लिहीत नाही.

इथं एक गोष्ट फार जपून बोलावी लागते. आपल्या विदर्भातल्या मंडळ्यांत पुष्कळ घरं अशी आहेत ज्यांच्या आजा-पणज्यांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या वाकवून ठेवलं. विहिरीवर वाकवलं, पाटलाच्या ओसरीखाली वाकवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसं ताठ उभी राहिली, ती याच मातीतली होती, आणि आज ते आपले शेजारी आहेत, सोयरेही आहेत. अशा गावात व्यासपीठावरून ‘नम्र व्हा’ असं सांगताना समोर कोण बसलंय ते बघा. सालदाराला, दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला, नवऱ्याचा मार खाणाऱ्या पोरीला नम्रतेचा उपदेश करू नका. वाकणं वेगळं आणि वाकवणं वेगळं. मरीयेचं गीत लूकच्या पहिल्या अध्यायात आहे, ते मोठ्यानं वाचा. देवानं सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना चांगल्या पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हातांनी लावून दिलं, असं ती गाते. स्वतःला ती प्रभूची दासी म्हणते, पण गाणं भित्र्या बाईचं नाही. ज्याच्याकडे सोडायला जागा आहे त्यानं सोडायची. आपल्या मंडळीत ती आधी पाळकाकडे, पंचांकडे, नोकरदारांकडे आणि माईक धरणाऱ्याकडे आहे.

आता कार्यक्रमाचं बोलू.

सत्कार बंद करा. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. गावातल्या सगळ्यांना बोलवा, सरपंचांना बोलवा, शाळेच्या गुरुजींना, बौद्ध विहारातल्या मंडळींना, हनुमान मंदिराच्या भजनी मंडळाला बोलवा. पण सगळे सतरंजीवर, आणि शाल कोणालाच नाही. पहिल्या वर्षी कोणीतरी रुसेल. पाळक आणि पंच जाऊन त्यांना घरी भेटतील, फराळाचं ताट देतील. शुभेच्छुकांच्या फोटोंचा फ्लेक्स लावू नका. देणगीदारांची नावं आणि रकमा माईकवरून वाचू नका. पाचशे रुपये देणाऱ्याचं नाव घुमतं तेव्हा वीस रुपये देणारी बाई मान खाली घालते, आणि ते मान खाली घालणं नमन नसतं.

कॅरोलची फेरी उलटी फिरवा. बहुतेक ठिकाणी ती पाळकाच्या घरून निघते आणि मोठ्या वाड्यांवरून जाते, शेवटच्या वस्तीपर्यंत पोचेतो रात्रीचे बारा वाजतात, पोरं पेंगतात, दोन कडव्यांत उरकतं. तुम्ही शेवटच्या घरापासून सुरू करा. आजारी माणूस असेल त्या घरी, यंदा मयत झाली त्या घरी, शेतात जागलीवर असेल त्याच्या मचाणाखाली आधी जा. तिथं चहापाण्याची वाट बघू नका, उलट तुम्हीच थोडा चिवडा आणि करंज्या बांधून न्या.

गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला येते, नाताळाच्या पाचच दिवस आधी. ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, आणि १९५६ साली गेले तेही अमरावतीच्याच वाटेवर, वलगावजवळ. ज्या गावी कीर्तन तिथं आधी हातात खराटा, ही त्यांची रीत. मी ख्रिस्ती पाळक आहे आणि माझी श्रद्धा मी सांगितलीच आहे, पण प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो योहानाचा तेरावा अध्याय मला या माणसाकडे बघून जास्त समजला. त्या दिवशी गाव झाडायला निघतं तिथं तुमचा तरुण संघ जाऊ द्या. संघाचा बॅनर मात्र घरीच ठेवा.

पैशांचं. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर मरीया आणि योसेफ त्याला यरुशलेमेच्या मंदिरात घेऊन गेले. लूक लिहितो की त्यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं असं अर्पण ठरल्याप्रमाणे केलं. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीसाठी नियम आहे: एक कोकरू आणि एक पाखरू अर्पावं, कोकरू आणण्याची ऐपत नसेल तर दोन पाखरं चालतील. म्हणजे प्रभूच्या आईबापांनी गरिबाचं अर्पण केलं, आणि मंदिरात ते चाललं. हे वचन तुमच्या मंडळीत यंदा आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी वाचा. बचत गटातून उचल घेऊन, दुकानात उधारी करून पोरांना नवे कपडे घ्यायची गरज नाही, हे पाळकानं व्यासपीठावरून स्पष्ट सांगायला हवं, आणि त्याच्या स्वतःच्या पोरांनी त्या दिवशी जुनेच धुतलेले कपडे घालायला हवेत. हे दुसरं केलं नाही तर पहिल्याचा उपयोग नाही.

प्रीतिभोजन मात्र सोडू नका. त्यासाठी जुनी मुठीच्या धान्याची रीत चांगली. आगमनकाळात रोज भात टाकताना प्रत्येक घरानं एक मूठ तांदूळ बाजूला ठेवायचे. मूठ चाळीस ग्रॅमची धरली तर चोवीस दिवसांत घरामागे एक किलोच्या आसपास होतात, चाळीस घरांचे अडतीस-एकोणचाळीस किलो. घरटी पाच माणसं धरली तर दोनशे जणांना पोटभर पुरतं. तुरीचं वरण आणि या दिवसांत स्वस्त असलेली वांग्याची भाजी. धान्य प्रत्येकानं चर्चच्या मागच्या खोलीतल्या पोत्यात आपापलं टाकायचं, कोणी मोजायचं नाही, वही ठेवायची नाही. ज्याच्या घरी मूठ निघत नाही तोही रिकामा डबा घेऊन जाऊन येऊ शकतो. वाढायला पंच, उष्ट्या पत्रावळी उचलायला पाळक. वेचणीची घाई असेल तर भोजन पुढच्या रविवारी ठेवा. २५ डिसेंबर ही तारीख शास्त्रात दिलेली नाही, ती चौथ्या शतकातल्या रोमच्या नोंदींत सापडते. तारखेसाठी कोणाची मजुरी बुडवू नका.

उपासनेचा क्रम मी असा धरतो. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता, म्हणजे रात्रपाळीवाल्यांना नंतर शेतात जाता येईल. आत शिरतानाच दिवे बंद असावेत, गव्हाणीजवळ एक कंदील. बेथलेहेमच्या जन्ममंदिराचं दार चार फुटांच्या आसपास उंच आहे, त्याला नम्रतेचं दार म्हणतात. ते लहान केलं गेलं ते लोकांनी घोडे आणि गाड्या आत घालू नयेत म्हणून, नाव मागून पडलं. आपल्या जुन्या मातीच्या घरांची दारंही तशीच, ‘वाकून ये रे’ असं आजी आतून सांगायची. तुम्हाला दार बदलता येणार नाही, पण दारावर तुरीच्या पाचोळ्याचं किंवा पऱ्हाटीचं ठेंगणं तोरण बांधता येईल, म्हणजे प्रत्येकाला मान झुकवून आत यावं लागेल. म्हातारी माणसं आधी आत येऊन बसली की मग बांधा.

लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली सात वचनं वाचायला ढोरं राखणाऱ्या कोणालातरी सांगा. वाचता येत नसेल तर त्यानं आपल्या बोलीत सांगावं. मग पाच मिनिटं पूर्ण शांतता. पाच मिनिटं फार वाटतात, दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी खोकेल, पोरगं रडेल, पाळकाला काहीतरी बोलावंसं वाटेल. त्यानं बोलू नये. नंतर फिलिप्पैकरांस पत्र, दुसरा अध्याय, पाच ते अकरा वचनं, आणि ‘प्रत्येक गुडघा टेकला जावा’ या शब्दांना सगळ्यांनी गुडघे टेकायचे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसल्या जागी डोकं झुकवावं. सगळ्यात आधी पाळकानं जमिनीला कपाळ टेकावं, आणि बराच वेळ तसंच राहावं.

त्यानंतर दिवे लावा आणि गा. डीजे बंद म्हणजे आनंद बंद असं तरुण पोरांना वाटू देऊ नका. रानात देवदूतांचं सैन्य गुपचूप आलं नव्हतं. खंजिरी, ढोलकी, पेटी, टाळ घ्या. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे भजन-कीर्तनाचा मराठी साज ख्रिस्ती उपासनेत आणला. आपल्या भागाचा त्या गोष्टीशी असा संबंध आहे, मग स्पीकरवरच्या उसन्या गाण्यांची गरज काय? गावातल्या भजनी मंडळाकडून ठेका शिकून घ्या. ते आनंदानं शिकवतात, माझा अनुभव आहे.

एक लक्षात आणून देतो. मागी लोकांनी नमन केलं असं मत्तय लिहितो. मेंढपाळांनी गुडघे टेकल्याचं लूक लिहीत नाही. ते घाईनं आले, पाहिलं, बाळाविषयी जे कळलं होतं ते लोकांना सांगितलं आणि देवाची स्तुती करत परत गेले. परत म्हणजे मेंढरांकडेच. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्यातला जो वेचणीला जाईल, ढोरं सोडेल, दवाखान्यात पडलेल्या शेजाऱ्याला डबा नेईल, त्याची आराधना चर्चच्या दारात संपलेली नसते.

पाहुण्यांना आधीच शब्द दिला गेला असेल आणि कमिटी ऐकत नसेल तर भांडू नका. एवढंच मागून घ्या की पुढची पहिली सतरंजी ज्यांना कमी ऐकू येतं, कमी दिसतं त्यांच्यासाठी राहील. बाकीचं पुढच्या वर्षी.

आणि गव्हाण ज्याच्याकडून आणाल त्याला वेळ विचारून घ्या. २५ तारखेला दुपारीच ती परत पोचवा, कुटारासकट. ढोरं चरून आली की त्यांना ती लागते.